रेशनवाले जनरल

"यांनी कधी गोळीबिळी झाडली होती का हो, की नुसतंच डाळ-तांदूळ?"

हा प्रश्न आज सकाळी अमरधाममध्ये विचारला गेला. चिता अजून पेटायची होती.

विचारणारा ओळखीतलाच. कडक इस्त्रीचा झब्बा, हातात मोबाईल. शेजारचा हसला. दोघांना वाटलं, कुणी ऐकलं नाही.

माझे कान तिखट आहेत. देवळाली कॅम्पच्या बाजारात टाइपरायटर मांडून बसायचो, तेव्हापासून.

स्मशानात आवाज चढवू नये म्हणून गप्प बसलो. इथे कागदावर चढवतो.

मेजर जनरल देवकुळे, रिटायर्ड, काल गेले. सिन्नरकडच्या एका मास्तरांचा मुलगा.

हो, ते लढले नाहीत. आयुष्यभर ॲडमिनिस्ट्रेशन. बर्फातल्या चौकीवर रॉकेल आणि लोकरीचे मोजे थंडीच्या आधी पोचले की नाही, हे बघणारा माणूस. पुढे जवानांच्या नोंदी ठेवणारं खातंच त्यांच्या हाताखाली आलं.

मोजे पोचले नाहीत तर पायाची बोटं काळी पडतात आणि कापावी लागतात. झब्बेवाल्या, हे माहीत होतं का तुला?

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. साहेब रिटायर होऊन नाशिकला आलेले. पत्र टाइप करायला माझ्याकडे यायचे आणि चहाला थांबायचे.

"शेठ, तुझं इंग्रजी बॉर्डरवर पाठवायला पाहिजे. शत्रू वाचूनच पळेल."

शेठ म्हणे! दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं.

एक दिवस घोटीकडची एक बाई आली. सुमन. नवरा रामदास फौजेत नाईक, डोंगरात ट्रक कोसळून गेला. पेन्शन मागायला गेली तर ऑफिसच्या खिडकीवर तिला सांगितलं होतं, "नोंदीत बायको चांगुणा आहे. तुम्ही सुमन, म्हणजे दुसऱ्या. पहिलीला घेऊन या, मग बघू."

तीनदा हेच.

गावात बोभाटा झाला. रामदासने दोन बायका केल्या, ही ठेवलेली. सासूने बोलणं टाकलं.

बाई रडत नव्हती. संतापली होती.

"भाऊ, मीच चांगुणा अन् मीच सुमन. आता पहिलीला कुठून आणू?"

आपल्याकडे लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. रामदासनेही लिहिलं, सुमन. रेशनकार्डावर तेच लागलं. पण ही त्याच्या मामाची मुलगी. लहानपणापासून त्याच्या तोंडात चांगुणा. सासूलाही हे ठाऊक, पण ती लोकांच्या तोंडाला भ्याली. युनिटमध्ये फॉर्म भरताना तेच निघालं.

मी म्हटलं, "साहेब, एक फोन टाका ना. तुमचं नाव ऐकून बाबू उभा राहील."

साहेब तिने आणलेल्या फॉर्मच्या कॉपीकडे बघत बसले होते. मग चष्मा काढला.

"शेठ, या फॉर्मचा नमुनाच माझ्या सहीने पास झालाय. बायकोचं नाव, एकच रकाना. मी याच जिल्ह्यातला. माझ्या आईची दोन नावं होती. तरी सुचलं नाही मला."

मी त्यांच्यापुढे चहा सरकवला.

"फोनने हिचं काम होईल. हिच्या मागे ज्या उभ्या असतील त्यांचं काय? हे कागदानेच निस्तरलं पाहिजे."

एसटीने घोटी. तिथून बांधाबांधाने तिच्या माहेरी. साहेब पुढे, सुमनबाई मागे, मी टाइपरायटर डोक्यावर घेऊन.

तिच्या म्हाताऱ्या बापाला साहेबांनी विचारलं, "नाव तुमच्यासमोर लिहिलं?"

"आता गं बया! तांदूळ माझ्याच वावरातला हाय साहेब. अन् जावई पोर आमचंच, दुसरी कशाला करंल?"

लग्नात हजर असलेल्यांचे जबाब मी तिथेच ओट्यावर टाइप केले. सह्या थोड्या, अंगठेच जास्त.

कागद गेले. ऑब्जेक्शन लागून परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. दर वेळी साहेब तिच्याबरोबर लाइनीत उभे. कधी रँक सांगितली नाही.

एकदा बाबू खेकसला, "आजोबा, तुम्ही कोण हिचे?"

"हा फॉर्म काढणारा."

बाबूला वाटलं, म्हातारा सरकलाय.

सव्वा वर्ष! नवरा गेलेल्या बाईला, ती त्याची बायको आहे एवढंच कबूल करायला सव्वा वर्ष! कुणाची मान खाली गेली नाही. एकट्या साहेबांची गेली.

फॉर्मवर दुसरा रकाना हवा म्हणून ते पुढे कितीतरी वर्षं पत्रं पाठवत राहिले. सगळी मीच टाइप केली. उत्तर आलेलं मी तरी पाहिलं नाही.

सुमनबाईचं पेन्शन मंजूर झाल्याचं पत्र मात्र आलं. ती माझ्या टेबलाशी घेऊन आली. सोबत सासू. साहेब तिथेच चहाला बसलेले.

मी वाचायला लागलो. आकड्यांपर्यंत पोचलोच नाही. तिने थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या. नाव वाचा."

"सुमन ऊर्फ चांगुणा, कैलासवासी नाईक रामदास यांची पत्नी."

"आत्याबाईंना ऐकू येईल असं वाचा."

मी मोठ्याने वाचलं. बाजारातली चार माणसं वळून बघायला लागली. सासू खाली बघत राहिली. मग तिने पदराने सुनेचं तोंड पुसलं.

साहेब स्टुलावरून उठले. ताठ. दोन्ही हात जोडून म्हणाले, "बाई, चूक माझी होती. माफ करा."

ती म्हणाली, "बसा आता साहेब. लय उभं ऱ्हायलात."

साहेब, माझंही तेवढंच म्हणणं. बसा आता निवांत.

तुमच्या टाइपिस्टचा शेवटचा नमस्कार.