टाकीचं झाकण आणि मामाचा कान

माझ्या मामाला आमच्या भागात कोणी मेकॅनिक म्हणत नाही, ‘कानवाले’ म्हणतात. गाडी गॅरेजच्या दारात आली की तो हातातलं काम सोडून उठतो, चिंधीला हात पुसतो, बॉनेटपाशी जाऊन उजवा कान पुढे करतो आणि डोळे मिटतो. मग शेजारच्या घरातली भानगड सांगावी तशा हळू आवाजात म्हणतो, “पट्टा सैल आहे. आणि तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता.” गिऱ्हाईक ओशाळतं. कोणाकोणाची तर गाडी दुरुस्त होण्याआधी सवय दुरुस्त होते.

तीस वर्षं हे चाललंय. फरक एवढाच, की गेल्या दीड वर्षापासून मामाला त्या उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही.

हे त्यानं कोणाला सांगितलेलं नाही, आम्हालाही नाही. एकदा जेवताना त्यानं एकाएकी आपली जागा बदलली. “खिडकीतून वारा लागतो,” म्हणाला. खिडकी बंद होती. नव्या जागेवरून मामी आणि मी त्याच्या डाव्या हाताला आलो. मामीनं त्याचं ताट उचलून तिकडे ठेवलं आणि त्या दिवसापासून घरात एक नियम झाला, कोणी न ठरवता झाला: मामाच्या कानाला खोटं पाडायचं नाही. कान गेल्याचं बाहेर कळलं तर ‘कानवाले’ उरतात कशाला, हे आम्हा तिघांनाही न बोलता कळत होतं.

मामी गॅरेजच्या दाराशीच मशीन टाकून गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. तिनं आपल्या परीनं सोय लावली. गिऱ्हाईक मामाच्या उजव्या बाजूला उभं राहून पुटपुटलं, “ब्रेक मारला की कुईं होतं,” की मामी दातानं दोरा तोडता तोडता मोठ्यानं विचारणार, “अगंबाई, ब्रेक मारला की कुईं होतं? पुढून की मागून?”

“मागून.”

“मागून म्हणतायत.”

गिऱ्हाइकाला वाटतं, बाई भारी चौकस आहे. एकदा एक गृहस्थ नुसते शिंकले, तर मामीनं सवयीनं तेही पोचवलं: “शिंकले ते.”

इंजिनाचं मामा निभावून न्यायचा. मोठे आवाज डाव्या कानाला पोचतात, बाकीचं बोटांना कळतं. पण मान मात्र अजूनही उजवीकडेच कलायची. तीस वर्षांची मान ती, तिला कोण सांगणार.

आणि एका मंगळवारी नर्सताई आल्या. त्या घरोघर जाऊन पेशंट बघतात. त्यांचं बोलणं म्हणजे टोचण्याआधीचं बोलणं, “काही नाही, काही नाही, झालंच,” आणि तोवर सुई आत गेलेली असते.

“काही नाही, दोन मिनिटांचं काम,” त्या गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या. “पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडत नाहीये. पंपावर दोघांनी हात चालवले, एकानं स्क्रू ड्रायव्हर घातला, रंग गेला, झाकण जागेवर. काटा लालच्याही खाली आहे. आज अकरा घरं आहेत. एका आजोबांचं इन्सुलिन साडेदहाला असतं. आजींना सिरिंजवरचे आकडे दिसत नाहीत, त्या माझी वाट बघत दारात बसतात.”

“दारात बसतात बिचाऱ्या,” मामी मशीनवरून म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते.

मामानं झाकणावरून अंगठा फिरवला. ओरखडा बघून त्याचं तोंड कडू झालं. “हे बाहेरून दाबलं की टपकन उघडायला हवं. पण आत बोटाएवढी एक मोटार असते. गाडी लॉक केली की तिची खिट्टी बाहेर येऊन झाकण अडवते, लॉक काढलं की आत जाते. जाताना आवाज करते. ऐकू दे जरा.”

तो उकिडवा बसला आणि पत्र्याला कान लावला. उजवा.

“किल्लीवरचं बटण दाबा, ताई.”

टक. पेन्सिलीचं टोक मोडावं, एवढासा आवाज. मामीचं मशीन थांबलं.

“दाबा ना.”

“दाबलं की.”

“परत.”

टक.

“नाही,” मामा उठत म्हणाला. “मोटार गेली. नवी यायला दोन दिवस. आजच निघायचं असेल तर झाकण तोडावं लागेल.”

“पण टक झालं ना आत्ता?”

गिऱ्हाइकाला समजावण्याचं मामाचं एक खास हसू आहे, नाकातून येणारं. “ते दाराचं कुलूप, ताई. सगळ्यांना तसंच वाटतं.”

नर्सताईंनी मनगटावर बघितलं. “मग तोडा. आजोबांची साखर काही माझ्यासाठी थांबायची नाही.”

मामानं चपटी सळई आणली, पत्र्याला लागू नये म्हणून खाली चिंधी धरली, टोक फटीत बसवलं. कुठलंही मोडायचं काम असलं की आधी तो मामीकडे बघतो. ती मान हलवते आणि मग तो जोर लावतो.

मामीनं मान हलवली नाही.

“टाकीतूनच आला तो आवाज,” ती म्हणाली. “दोन्ही वेळेला.”

“तू तिथून ऐकलास? दहा फुटांवरून?”

“हो.”

“मी इथे कान लावून बसलोय.”

“हो ना,” मामी म्हणाली. तिनं बोटातलं शिवणाचं टोपण काढून टेबलावर ठेवलं. “म्हणूनच सांगतेय.”

मामानं मामीच्या मशीनशेजारी बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. घरादाराच्या नकला करते म्हणून तो मला पोपट म्हणतो. मी काहीच समजावलं नाही. जिभेनं टाळ्यापाशी आवाज काढला, होता तसाच, तेवढाच बारीक: टक. मग दाराच्या कुलपाचा काढून दाखवला, तो जाड असतो, खटाक.

आपला पोपट खोटं बोलेल, पण आवाज चुकवायचा नाही, हे मामाला पक्कं ठाऊक आहे.

त्यानं सळई खाली ठेवली. चिंधीला हात पुसले, पुन्हा पुसले, पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी पुसले. मग गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून दुसऱ्या गुडघ्यावर बसला. डावा कान लावायचा म्हणजे सगळं अंगच फिरवावं लागत होतं.

“दाबा, ताई.”

टक. डोळे मिटले.

“परत. परत.” आणि मग तोच शेजारच्या घरातली भानगड सांगणारा आवाज: “मोटार ठणठणीत आहे. खिट्टी निम्मीच आत जातेय. धूळ बसून चिकटलीय.”

डिकी उघडून त्यानं आतलं अस्तर अलगद सोडवलं. मागे शिवणीच्या दोऱ्याहून जरा जाड अशी एक दोरी लोंबत होती, अशा वेळेसाठीच दिलेली. “ही ओढली की खिट्टी मागे येते. पण हिसका बसला तर दोरी हातात येईल, मग मात्र सळईच. बाहेरून झाकण दाबलेलं असतानाच ओढायला हवी. अगं, तू दाब. दाबलंस की सांग.”

“सांगते,” मामी म्हणाली, “पण तिथून तुम्हाला...” आणि तिची जीभ तिथेच अडली.

“डिकीत डोकं घातल्यावर कोणालाच ऐकू येत नाही,” नर्सताई सहज म्हणाल्या. “मी मध्ये उभी राहते. त्यांनी दाबलं की मी तुमच्या खांद्यावर हात ठेवते. काही नाही, झालंच.”

मामीनं तळहातानं झाकण दाबलं. नर्सताईंनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. मामानं दोरी ओढली, इतकी हळू, की ओढतोय की नुसती धरून बसलाय ते कळेना. झाकण टपकन बाहेर आलं. मामीच्या तोंडून नुसतं “हं” निघालं.

मामानं जुन्या टूथब्रशनं खिट्टी घासली, स्प्रे मारला, आणि दहा वेळा लॉक करून, दहा वेळा काढून, दर वेळी डावा कान लावून खात्री केली. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. पंप समोरच्या वळणावर.

नर्सताई हात धुऊन मामाच्या उजवीकडे येऊन काहीतरी म्हणाल्या. मामानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या मागून फिरून डावीकडे आल्या. “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“दीड वर्ष,” मामी म्हणाली.

“पावणेदोन,” मामा म्हणाला.

मामी त्याच्याकडे बघतच राहिली. तीन महिने तो एकटाच होता तर.

नर्सताईंनी पिशवीतून छोटा टॉर्च काढून कानात डोकावलं. “मळ नाहीये. गुरुवारी आमच्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टर बसतात, सकाळी या. ऐकू येईलच असं मी सांगत नाही. उशीर केलात.”

“लोकांना कळलं तर?” मामानं विचारलं. आमच्यापैकी कोणालाही त्यानं हे इतक्या दिवसांत विचारलं नव्हतं.

“काय कळेल? पंपावरच्या दोघांना चार कानांनी जमलं नाही, ते तुम्हाला एका कानानं जमलं. हेच ना?” त्या गाडीत बसल्या. “गुरुवारी. विसरू नका.”

त्या वळल्या न वळल्या तोच नेहमीचा टॅक्सीवाला आला. मामाच्या उजव्या बाजूला उभा राहून तोंडात पान-तंबाखू नसतानाही असल्यासारखं पुटपुटला. मामीनं श्वास घेतला, सगळं पुन्हा मोठ्यानं म्हणायला. मामानं हात वर केला.

“इकडून बोल,” तो डावीकडे बोट दाखवत टॅक्सीवाल्याला म्हणाला. “उजवा रजेवर आहे.”

टॅक्सीवाला गपगुमान फिरून डावीकडे आला. “हजर कधी होणार?”

“गुरुवारी विचारतो.”

मामीनं टोपण बोटात घातलं आणि मशीन सुरू केलं, कितीतरी महिन्यांनी पूर्ण वेगात.