आबांच्या ओव्यांची सीडी

मला त्या कॉम्प्युटर क्लासवाल्याचा पहिल्यापासूनच संशय होता. सांगलीत तेव्हा गल्लोगल्ली असे क्लास निघाले होते. काचेचं दार, आत गारेगार, बाहेर चपलांचा ढीग. हा माणूस बोलायला जरा जास्तच गोड होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "बाई, काही काळजी करू नका." काळजी करू नका म्हणणाऱ्या माणसाकडे मी आजही दोनदा बघते.

काळजी होती एका सीडीची. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातले मेंढपाळ. धनगरी ओव्या गाण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. ढोल घुमायला लागला की आबा कानावर हात ठेवून अशी काही तान घ्यायचे, की ओढ्यापलीकडची माणसं उठून यायची. पुण्याच्या कुणा अभ्यासकाने बिरोबाच्या जत्रेत ते गाणं रेकॉर्ड करून नेलं आणि काही वर्षांनी आठवणीने एक सीडी पाठवली. एकच. पुढे तो माणूस कुठे गेला, ते आम्हाला कळलं नाही. मग मिरजेला आबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरला तो नुसता फुसफुसाट, तोही कान जवळ नेल्यावर कळणारा. आता आबांचा आवाज त्या चकतीत तेवढा होता, आणि ती वाजवायचं यंत्र आमच्या गावात एकाही घरी नव्हतं. एकदा कॉम्प्युटरवर घेतलं की हव्या तेवढ्या कॅसेटी करता येतील, असं मला मी शिकवते त्या शाळेतल्या एका शिक्षकाने सांगितलं होतं.

आबांना हे पटलं नव्हतं. सीडी ते माझ्या हातात द्यायला तयार नव्हते. फेट्याच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून, पोटाशी धरून, ते स्वतः एसटीने आले. वाटेत माझ्या कानाशी म्हणाले, "एका भांड्यातनं दुसऱ्या भांड्यात वतलं की पयलं रिकामं व्हतंय न्हवं?" मी म्हटलं, आबा, तसं नसतं. पण कसं असतं ते मला तरी कुठे माहीत होतं? आमच्या शाळेतला कॉम्प्युटर बारा महिने प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झाकलेला असायचा.

माझा संशय वेगळा होता. त्या काळात जत्रेच्या स्टॉलवर कुणाच्याही गाण्याच्या कॅसेटी मिळायच्या, गाणाऱ्याला पत्ताच नसायचा. हा गोडबोल्या एक प्रत आपल्याजवळ ठेवून घेईल आणि पुढच्या जत्रेत माझ्या बापाचा आवाज विकायला बसेल, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून त्याने चहा मागवला तेव्हाही मी खुर्ची सोडली नाही. आबांचं लक्ष काचेबाहेरच्या त्यांच्या वहाणांवर होतं.

त्याने सीडी आत घातली, पडद्यावर गाण्यांची चिन्हं आली. ती त्याने ओढून दुसरीकडे टाकली आणि म्हणाला, "झालं."

"एवढ्यात?"

"कॉम्प्युटर आहे बाई," तो हसला. त्याने एक गाणं लावलं आणि आबांचा आवाज त्या थंड खोलीत भरून राहिला. पण काम इतक्या लवकर झालं, हे मला पटेना. शाळेत पाच मिनिटांत गणितं आटपणाऱ्या पोरांची वही मी आधी तपासते. म्हटलं, "आता सीडी बाहेर काढून लावा."

सीडी काढली आणि गाणं बंद. पडदा म्हणे, आधी सीडी घाला. त्याने परत ओढून टाकलं, परत तेच. मग त्याने चष्मा पुसला. "बाई, नुसती नावं आत आली. गाणं सीडीतच आहे."

मी मनात म्हटलं, नक्की? की तू भलतीकडेच कुठे ठेवलंस? पण तो खरोखरच गोंधळलेला दिसत होता. कपाटातून त्याने कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी काढली, त्यातला एक प्रोग्रॅम घातला आणि पुन्हा सुरुवात केली. आता काम मुंगीच्या पावलाने चाललं, तेव्हा मला जरा बरं वाटलं. सुरुवातीची गाणी आत गेली. शेवटची ओवी, बिरोबाच्या जन्माची, सगळ्यांत मोठी, ती मात्र अडली. यंत्र घुरघुर करायचं, थांबायचं, पुन्हा घुरघुर. आत गेलेलं ऐकून बघितलं तर आबांचा आवाज एकाच अक्षरावर टरटर करत होता.

"डिस्कच खराब आहे," तो म्हणाला.

"इथे येईपर्यंत चांगली होती. तुम्हीच सारखी आतबाहेर केलीत. ओरखडा पडला असणार."

"मी कशाला ओरखडा पाडीन, बाई?"

ते मला तरी काय माहीत. मी सरळ त्याच्या हातातून सीडी घेतली आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. ओरखडा नव्हता. चकचकीत बाजूला, कडेला, पिवळा पुसट डाग होता. बोटाचा ठसा असावा तसा.

मी आबांकडे बघितलं. ते आधीच माझ्याकडे बघत होते.

"खंडेनवमीला लावला भंडारा," ते फुसफुसले. "ढोलाला लावला, काठीला लावला. मग ह्यालाच का न्हाई लावायचा? सुका ऱ्हाईना म्हणून तेलाचं बोट वडलं."

"पण ह्या बाजूला कशाला?"

"ज्यात तोंड दिसतंय तीच म्होरली बाजू."

क्लासवाल्याने खिशातून रुमाल काढला. आबांनी त्याचं मनगट धरलं. भंडारा काय रुमालाने पुसून झटकून टाकतात? त्यांनी स्वतःच्या बोटाने तो डाग हलकेच निपटून घेतला आणि कपाळाला लावला. उरलेला तेलकटपणा क्लासवाल्याने चष्म्याच्या मऊ फडक्याने काढला, मधून कडेकडे, सावकाश. या वेळी ओवी शेवटपर्यंत आत गेली.

आता त्याने न सांगताच सीडी काढून आबांच्या हातात दिली आणि गाणं लावलं. सीडी आबांच्या मांडीवर, आवाज समोरच्या यंत्रातून. आबा सीडी उलटसुलट करून बघत राहिले.

"ह्यात काय ऱ्हायलं आता?"

"सगळं आहे, आबा."

"दाव."

सीडी परत आत गेली. तीच ओवी, तीच तान, कुठेही न अडता. क्लासवाला खूश झाला. "कितीही वेळा घ्या बाबा, आतलं कमी होत नाही," तो म्हणाला.

आबांनी माझी मान खाली ओढली, कान ओठांजवळ घेतला.

"तितं गेलं तरी हितं ऱ्हायलं. मग माज्यातलंच का गं सरलं?"

क्लासवाल्याला ऐकू गेलं नव्हतं. "काय म्हणतात बाबा?" त्याने विचारलं.

"छान झालं म्हणतात," मी म्हटलं.