हरिओमची कातरणी

उमापूरपासून दोन कोसांवर सटवाची वस्ती आहे. तिथं कधी गेलात तर मेंढरांच्या वाडग्यामागे पत्र्याची एक खोली दिसेल. बारावीनंतरच्या पाच वर्षांत सटवाच्या हरिओमनं जे जे करून पाहिलं आणि सोडलं, ते सगळं त्या खोलीत जमा आहे. थर्माकोलच्या खोक्याचं अंडी उबवायचं यंत्र आहे. त्यातून पिल्लू एकही निघालं नाही, अंडी मात्र छान उकडली. मोबाइल दुरुस्तीची पेटी आहे. तिच्यात रामकिसनमामाचा मोबाइल अजून सुट्या तुकड्यांत पडलाय, आणि त्यामुळे लग्नकार्यात मामा पहिल्या पंगतीला बसला की भाचा दुसऱ्या पंगतीला बसतो.

पोरगा आळशी नव्हता, हे आधीच सांगतो. आळशी माणूस एकदा फसतो आणि मग जन्मभर निवांत बसतो. हरिओम फसला की चार दिवस खाली मान घालून मेंढरांमागं जायचा आणि पाचव्या दिवशी नवं काहीतरी घेऊन यायचा. गेल्या वर्षी त्यानं लग्नात वाजवायचा धंदा काढायचा म्हणून एक स्पीकर आणला. लग्न एकही मिळालं नाही. मग हिवाळाभर त्यानं तो मेंढरांपुढंच वाजवला. शेवटी, मेंढरं बिघडतील म्हणून सटवानं तो काढून घेतला. सटवाचा स्वभावच तसा. त्याला नवी चप्पल घ्यायची म्हटली तरी दोन बाजार विचार करण्यात जायचे.

अशा बापापुढं हरिओमनं माघ महिन्यात लोकर कातरायचं विजेचं मशीन आणून ठेवलं. कसल्याशा योजनेतून चार दिवस शिकून तो ते घेऊन आला होता. सटवानं मशीनला लांबूनच एक प्रदक्षिणा घातली.

"ह्ये शेवटचं," तो म्हणाला. "ह्ये बी बोंबललं तर सरळ पुणं. रामकिसननं वॉचमनची जागा धरून ठिवलीय. त्याच्याच खोलीवर ऱ्हायाचं."

एकतर खोली मामाची, तीही मोबाइल मोडलेल्या मामाची. आणि दुसऱ्याच्या दारात बारा बारा तास नुसतं बसायचं, जिथं करून बघायला काहीच नाही, या विचारानंच हरिओमला रडू यायचं. त्याला इथंच राहायचं होतं, याच मेंढरांत. फक्त सगळं जरा वेगळ्या तऱ्हेनं करायचं होतं.

आता कातरणी कशी चालते ते ऐका. सटवाची बेचाळीस मेंढरं आणि त्याचा धाकटा भाऊ बंकट याची अडतीस. बापाच्याच कळपाची वाटणी होऊन शेजारी शेजारी दोन वाडगी झाली, म्हणून ओळखीसाठी कानाला दिलेला काप दोन्हीकडे सारखाच. मग ओळखायचं कसं, तर पाठीमागच्या लोकरीवर रंगाची खूण. सटवाचा लाल, बंकटचा हिरवा. कातरणारी माणसं कातरीनं आठ दिवस कातरत, गोडाधोडाचं जेवत, आणि खुणेवरची लोकर न सांगता राखत. ती राखायची असते हे कुणी कुणाला कधी सांगितलंच नाही, कारण सांगायची वेळच आली नव्हती. चार दिवसांच्या प्रशिक्षणात तर उलटंच शिकवलं होतं, की अंगावर केस राहता कामा नये.

होळीच्या आठ दिवस आधी, आदल्या दिवशी मेंढरं धुऊन, हरिओम दिवस उगवायला मशीन घेऊन बसला. बंकटतात्यालाही त्यानं स्वतःच आग्रह करून बोलावलं होतं. मशीन असं काही चाललं की बघणारे बघत राहिले. बायडाबाईला, म्हणजे त्याच्या आईला, दर दहा मिनिटांनी एखादं कारण काढून बाहेर यावंसं वाटायला लागलं. सटवा घरामागं लोकर पसरत होता आणि बंकट कातरलेलं मेंढरू आत ढकलत होता.

"कंच्या वाडग्यात सोडू रं?"

"सोडा तात्या समदी तुमच्यातच. मागनं निवडू."

दुपारी चारच्या सुमाराला शेवटची मेंढी उठली. हरिओमनं कंबर सरळ केली, वाडग्याकडे अभिमानानं पाहिलं आणि तो अभिमान तिथंच विरला. आत ऐंशी मेंढरं उभी होती. सगळी काळी, सगळी उघडी. लाल नाही, हिरवा नाही, खुणेपुरता एक केसही नाही. मेंढरांनाही आपलं माणूस ओळखू येत नव्हतं. जन्मभर एका दावणीला राहिलेले दोन एडके एकमेकांना परके समजून डोकी आपटत होते.

"दोगांची एकत्र का सोडली रं?" सटवा सावकाश म्हणाला. तो सावकाश बोलला की घरात भांडीसुद्धा वाजत नसत.

"मला तोंडावरनं समदी वळखू येत्यात," बंकट म्हणाला.

"मला बी येत्यात," सटवा म्हणाला.

आणि खरंच येत होती. दोघांनाही एकेक मेंढी नावानिशी ओळखू येत होती. पंचाईत एवढीच की दोघांना त्याच त्या चांगल्या मेंढ्या ओळखू येत होत्या, आणि खरजेनं पिडलेली एक लंगडी दोघांपैकी कुणालाच आठवत नव्हती. मग बंकटनं हाक मारायची टूम काढली. ज्याची त्याच्याकडे जातील. दोघं दोन कोपऱ्यांत उभे राहून ओरडले. पण हाकही एकाच बापाकडून वाटणीत आलेली. ऐंशी मेंढरं आधी इकडे धावली, मग तिकडे धावली आणि शेवटी मधोमध उभी राहून लेंड्या टाकायला लागली. सटवानं पटका सारखा केला.

"हरिओम," तो म्हणाला, "पिशवी भर."

हरिओम घरात गेला, खुंटीवरची मोठी रेग्झिनची पिशवी काढली, दोन विजारी, एक चादर आणि कंगवा टाकला. डोळ्यांना धार लागली होती. नाक पुसताना त्याच्या कानावर गवळण आली. चुलीकडून बारीक आवाजात गवळण चालली होती. आत जाऊन बघतो तर भाकरीच्या टोपल्यामागं त्याचाच स्पीकर.

"माय, ह्यो तर आबानं ठिवून दिलता."

"ठिवलताच की," बायडाबाई तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "मी रोज काढते. चार्जिंग बी करते. भाकरी चांगल्या हुत्यात त्यानं."

हरिओमला त्याही परिस्थितीत हसू आलं. तेवढ्यात त्याची नजर दारातून बाहेर गेली. वाडग्यातली काही मेंढरं घराच्या बाजूच्या जाळीला येऊन खेटली होती आणि कान टवकारून चुलीकडे बघत होती. बाकीची ढिम्म उभी होती.

त्यानं पिशवी तिथंच टाकली आणि स्पीकर उचलला. गवळण बंद करून हिवाळाभर वाजवलेला हलगीचा ठेका लावला, आवाज पूर्ण सोडला आणि वाडग्याचं दार उघडून तो सरळ आपल्या रिकाम्या वाडग्याकडे चालत सुटला. मागं वळून बघायचं धाडस त्याला झालं नाही. नुसता खुरांचा आवाज ऐकत राहिला. बंकटची मेंढरं हिवाळाभर नदीकडे चरलेली. त्यांनी हलगी कधी ऐकली नव्हती. ती दचकून मागच्या कोपऱ्यात गोळा झाली.

दारात बसून सटवानं मोजली. एक्केचाळीस. त्यात लंगडीही आली होती.

"एक कमी हाय," बंकटला गुदगुल्या झाल्या. "खोटं हाय त्ये वाजणं."

तिकडे एक म्हातारी मेंढी भिंतीकडे तोंड करून शांतपणे रवंथ करत होती. सटवा तिच्या मागं गेला आणि कानाशी दोनदा मोठ्यांदा टाळी वाजवली. तिनं शेपूटही हलवलं नाही.

"ही बहिरी हाय. माजीच हाय," तो म्हणाला. बंकटनं आपली मोजली, अडतीस भरली, आणि जाता जाता त्यानं असला स्पीकर कुठं मिळतो याची हळूच चौकशी केली.

मेंढरं ठिकाणी लागली, पण पुण्याचं काय ते सटवा बोलला नव्हता. हरिओम गुपचूप घरात आला. अर्धवट भरलेली पिशवी जागेवर नव्हती. विजारी, चादर आणि कंगवा बाजेवर ठेवलेले होते. बाहेर सटवा त्या पिशवीत पायानं दाबून दाबून लोकर कोंबत होता.

"आबा, ती पिशवी…"

"मग लोकर कशात भरू? पोती उंदरानं खाल्ली." सटवानं आणखी एक बुचका आत दडपला. "पुढल्या कातरणीला खुणंवरचे केस ठिव. येवढं बी कळंना व्हय."

पुढल्या कातरणीला. हरिओमनं ते मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि वाकून पिशवीचं तोंड धरलं. बापलेक लोकर भरत राहिले. मग सटवानं चुलीकडे एकदा बघून घेतलं, बायडाबाई ऐकत नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"सकाळी मेंढरं मी नेतो. त्या वाजण्याचं बटन कंचं दाबायचं, त्ये दाखीव."