सरावाचा दारुडा

आमचे भाऊजी विद्यापीठात दारुड्याचं काम करतात, असं सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग माझ्या ताईकडे दयेनं बघायचे. पण काम खरंच तेच होतं. व्यसनमुक्ती विभागात खाली दवाखाना, वर संशोधन आणि मधल्या मजल्यावर प्रशिक्षण. शिकाऊ समुपदेशकांना सरावासाठी एक दारुडा लागतो. खरा दारुडा वेळेवर येत नाही, म्हणून दारू सोडलेले भाऊजी नेमले. अट एकच, माणूस कोरडा हवा.

भाऊजी खुर्चीत, विद्यार्थी समोर. "मला कसलं व्यसन? कधीतरी घेतो," इथून सुरुवात. विद्यार्थ्यानं गोडीगुलाबीनं बोलतं केलं की मग पहिल्या घोटाचं वर्णन. ते भाऊजी असं रंगवायचे की प्राध्यापिकाबाईंनी ते अभ्यासक्रमातच घातलं. ज्या माणसासमोर आम्ही घरात दारूचं नावही काढत नव्हतो, त्याच्याकडून हे शहाणे दिवसभर दारूचं कौतुक वदवून घेत होते.

ताईला मात्र या नोकरीचा केवढा आधार! "रोज कुठेतरी जायचं असतं, म्हणून हे ताळ्यावर आहेत," ती म्हणायची. नोकरी गेली की नवरा पुन्हा गुत्त्यात, ही तिची धास्ती.

परीक्षेच्या आठवड्यात विद्यार्थ्यांची रांग लागली. प्रत्येकाला पहिला घोट सांगून सांगून भाऊजींच्याच तोंडाला पाणी सुटलं. जेवणाच्या सुट्टीत ते कोपऱ्यावरून बाटली घेऊन आले. पुढची विद्यार्थिनी अगदी घाबरट. तिनं कागदावरचा प्रश्न वाचला, "शेवटची कधी घेतलीत?"

"अजून घेतली नाही. पिशवीत आहे. तू गेलीस की घेणार."

काचेपलीकडून परीक्षा बघणाऱ्या प्राध्यापिकाबाई खूश. "आज काय जीव ओतून करतायत!" त्या शेजारच्या परीक्षकाला म्हणाल्या.

मुलीनं कागद खाली ठेवला. "काका, उठा," म्हणाली, आणि परीक्षा अर्धवट टाकून त्यांना पिशवीसकट बाहेरच्या बेसिनपाशी घेऊन गेली. "तुम्ही ओतताय की मी ओतू?" भाऊजींनी स्वतःच ओतली.

मुलगी नापास. कारण, चालू परीक्षेत खोली सोडली.

भाऊजी गप्प बसले असते तर नोकरी टिकली असती, वर शाबासकीही मिळाली असती. पण हा माणूस बाईंकडे गेला. "मॅडम, ते नाटक नव्हतं. तिला पास करा."

बाई न्यायी. त्यांनी मुलीला पास केलं आणि भाऊजींना काढून टाकलं. "नियम आहे हो. जो पुन्हा पिऊ शकतो, त्याला या विभागात कसं ठेवणार?" मग थोडं ओशाळून म्हणाल्या, "संशोधनासाठी मात्र तुम्ही अगदी योग्य आहात. वर नाव देऊन जा."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. व्यसनी माणूस नको असलेला व्यसनमुक्ती विभाग! मी तिथे जाऊन तमाशा करायला निघालो होतो. ताईनं मला खाली बसवलं. भाऊजी दारातून आत आले तेव्हाच तिनं न दाखवता त्यांच्या तोंडाचा वास घेतला होता. आता ती पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"उद्यापासून मी जाऊ कुठे?" भाऊजींनी विचारलं.

"तिथेच. दवाखान्यात," ताई म्हणाली. "मी येते बरोबर."