कव्हरखालची पॅगोडा

रेगेन्सबर्गमधल्या आम्हा मराठी इंजिनिअरांना एक खोड आहे. रस्त्याकडेला कव्हर घातलेली जुनी गाडी दिसली की आम्ही थांबतो, मान तिरकी करतो आणि निकाल देऊन टाकतो. आरशांचे उंचवटे कुठे आहेत, बोनेट किती लांब, पाठ गोल की सपाट, एवढ्यावरून मॉडेल, साल आणि कुणी फारच रंगात आला तर मूळ रंगसुद्धा. कव्हर उचलून खातरजमा करायची कुणाची छाती नाही, त्यामुळे आजवर आमच्यातला एकही जण चुकलेला नाही.

मी तर स्वतःला यातला गुरू समजायचो. प्रत्यक्षात कारखान्यात माझा संबंध येतो तो दरवाज्याच्या रबराशी. दरवाजा बंद केल्यावर आत पाणी शिरू नये, एवढंच बघत मी अकरा वर्षं काढली आहेत. बाकीची गाडी मी कँटीनकडे जाताना बघतो.

सासऱ्यांचं कराडला चाळीस वर्षं गॅरेज होतं. लग्न ठरताना त्यांनी मोठ्या उत्साहानं विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही गाड्या तयार करता?" मी रबराचं सांगितल्यावर ते "अस्सं" एवढंच म्हणाले. ते "अस्सं" मला तेव्हापासून टोचत होतं. गाडीतलं मला कळतं, असं त्यांच्या तोंडून एकदा तरी ऐकायचं होतं. म्हणून यंदा उन्हाळ्यात ते पहिल्यांदाच इकडे आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी त्यांना आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये घेऊन गेलो.

आमच्या शेजारची जागा खालच्या मजल्यावरच्या जर्मन म्हातारबुवांची. तिथे पाच वर्षं मी एकच गाडी बघत होतो, जमिनीपर्यंत राखाडी कव्हर ओढलेली.

"मामा, ही पॅगोडा," मी म्हणालो. "साठच्या दशकातली, दोन सीटांची. छत मधे खोलगट असतं म्हणून हे नाव. बघा, कापड मधे कसं दबलंय! आणि हे आरसे." पावलं टाकून मी दोन चाकांमधलं अंतरही मोजून दाखवलं.

सासरे उकिडवे बसले. कव्हरच्या कडेखाली हात घालून फरशीवरून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं.

"किती वर्षं उभी आहे म्हणालात?"

"पाच तरी."

"तेलाचा एक थेंब नाही हो खाली. पेट्रोलचा वासपण नाही."

"अहो मामा, जर्मन माणूस आहे. थेंब पडायच्या आधी पुसत असेल."

"असेल, असेल," ते हसून म्हणाले.

पुढचे तीन आठवडे मी त्यांना सोडलं नाही. रोज संध्याकाळी खाली नेऊन त्या गाडीचं इंजिन, तिचं सस्पेन्शन, तिचे ब्रेक यांवर बोलायचो. ते हात मागे बांधून ऐकायचे. मधूनच "हो का?" म्हणायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मला ठाऊक होती, पण ती दुसऱ्यांसाठी असते असा माझा समज होता.

मग हाउसफेरवाल्टुंगची, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या कचेरीची, नोटीस लागली. फरशी रंगवायची आहे, शनिवारी सकाळी आठच्या आत सगळ्या गाड्या बाहेर. शनिवारी आठला सगळ्या गाड्या बाहेर होत्या, ती एक सोडून. कचेरीच्या बाई फाइल घेऊन उभ्या, रंगारी उभे, शेजारी उभे. मी सासऱ्यांना पुढे घेतलं आणि बाईंना जर्मनमध्ये बजावलं, "जरा जपून हं, दुर्मीळ गाडी आहे."

म्हातारबुवांनी माझ्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं आणि नाइलाजानं कव्हर ओढलं.

खाली दोन बुटकी कपाटं होती. त्यांच्यामधल्या फटीत कापड दबलं होतं, तेच माझं पॅगोडाचं छत. चार कोपऱ्यांत हिवाळ्याचे चार टायर उभे केलेले. इस्त्रीच्या टेबलाचं बोनेट. आरशांच्या जागी दोन पातेली बांधलेली. इथे पार्किंगच्या जागेत गाडीशिवाय काहीही ठेवायला मनाई. खेळण्यांच्या एका खोक्यापायी मलाही पत्र आलं होतं. बुवांनी गाडी केव्हाच विकली होती आणि घरातल्या अडगळीला गाडीचा आकार दिला होता. बाई फोटो काढू लागल्या. शेजारी माझ्याकडे बघून हसू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासरे मात्र पुढे झाले. पातेली कशी बांधली आहेत ते वाकून बघितलं आणि म्हातारबुवांचा हात हातात घेऊन म्हणाले, "वा! याला म्हणतात काम." जी शाबासकी मी लग्न ठरल्यापासून मागत होतो, ती बुवांना मराठीत मिळाली आणि समजलीसुद्धा.

लिफ्टमध्ये मी विचारलं, "मामा, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"हो."

"मग तीन आठवडे बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, सवय हो, चाळीस वर्षांची. गिऱ्हाईक गाडीबद्दल सांगायला लागलं की आपण मधे बोलायचं नसतं."