न लागलेला निकाल

बाबांचा धंदा मंडप-स्पीकरचा. कशेळ्याच्या आसपास लग्न असो, सत्यनारायण असो, नाहीतर पुढाऱ्याची सभा, कर्णे आमचेच लागायचे. सगळ्या पक्षांना भाडं सारखंच. "स्पीकरला कसला आलाय पक्ष," बाबा म्हणायचे, "त्याला फक्त करंट लागतो."

एकदा विरोधातल्या पुढाऱ्याने हायवेवर रास्ता रोको केला आणि आमचे कर्णे नेले. सत्तेतल्या बाजूची माणसंही तिथे आली. दगड दोन्हीकडून चालले. एक दगड सत्तेतल्या कुणाच्या गाडीची काच फोडून आत गेला आणि ड्रायव्हरचा डोळा गेला. गुन्हा मात्र एकाच बाजूवर नोंदला. त्यात बाबा कसे आले म्हणाल, तर कर्ण्यावर आमच्या धंद्याचं नाव ठळक रंगवलेलं होतं. पळालेल्यांना शोधण्यापेक्षा ते वाचणं सोपं होतं.

काच फुटली तेव्हा बाबा टेंपोच्या टपावर होते. कलंडलेला कर्णा दोन्ही हातांनी धरून तार आवळत होते. पोलिसांना त्यांनी हे सांगितलं, तर "कोर्टात सांग" असं उत्तर मिळालं. त्या दिवसापासून बाबा कोर्टात सांगायचं वाक्य घोकू लागले. "साहेब, माजे दोन्ही हात कर्ण्याला व्हते." आंघोळ करताना, जेवताना, वायरी गुंडाळताना. ओठ हलायचे, आवाज नसायचा. मला त्या वाक्याची भीती वाटायला लागली. आमच्या घरात आणखी कुणीतरी राहायला आलं आहे, असं वाटायचं.

गावात तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असंही म्हणाले. पण लग्नाचं सामान ठरवायला आले की जाताना हळूच सांगायचे, "कर्णे पाठवा, तुमी नका येऊ. पाव्हणे इचारतात." मला पोलिसांपेक्षा या गोड बोलणाऱ्यांचा राग जास्त यायचा. अजूनही येतो.

तारखेला मी बाबांबरोबर जायचे. कशेळ्याहून जीप, कर्जतहून एसटी. बाबा इस्त्रीचा सदरा घालायचे, कारण आज साहेब विचारतील. साहेब विचारायचे नाहीत. कधी सरकारी वकील नसत, कधी एखादा आरोपी नसे, मग पुढची तारीख. आमचे वकील म्हणायचे, "लांबतंय ते बरंच आहे, काका." काकांना ते बरं वाटत नव्हतं. शिक्षेची त्यांना फारशी भीती नव्हती. त्यांना साहेबांच्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता. निर्दोष.

मग रास्ता रोको करणारे पुढारीच सत्तेच्या बाजूला गेले. पाठोपाठ आंदोलनांतले गुन्हे मागे घ्यायचं ठरलं आणि आमची केस त्यात बसली. बाबांना राजकारणाने गुंतवलं आणि राजकारणानेच सोडवलं. दोन्ही वेळा त्यांना कुणी काही विचारलं नाही.

शेवटच्या तारखेला केस मागे घ्यायचा अर्ज मंजूर झाला. बाकीचे आरोपी हसत बाहेर पडले. बाबा जागचे हलेनात. "साहेब, मी केलं का नाय, तेवडं सांगा."

साहेब भला माणूस होता. "केस संपली, काका. आता तुमच्यावर कसलाही आरोप नाही," ते म्हणाले. तोवर शिपायाने पुढचं नाव पुकारलं होतं.

बाहेर वकिलांनी समजावलं. आरोपमुक्त निराळं आणि निर्दोष निराळं. साक्षीपुरावा झालाच नाही, तर निकाल कशावर देणार? "आणि काका, कायद्याने तुम्ही पहिल्या दिवसापासून निर्दोषच होतात."

"मग पयल्या दिवशी कुनी बोललं नाय तसं," बाबा म्हणाले. पुढाऱ्याने पेढे पाठवले होते. त्यांनी हात लावला नाही.

गावात एकच शब्द झाला, सुटला. चोर सुटतो, गाय सुटते, तसे आमचे बाबा सुटले. करून सुटला की न करता, हे त्या शब्दातून कळत नाही, आणि कुणाला कळून घ्यायचंही नव्हतं.

कोर्ट संपलं तरी बाबांचं वाक्य संपलं नाही. उलट आता त्याला आवाज फुटला. ऐकायला मीच असायचे. मी हुंकार द्यायचे आणि कामाला लागायचे.

यंदा एका संध्याकाळी मी ओटीवर भिजलेले वाल सोलत बसले होते. बाबांनी वाक्य सुरू केलं आणि मधेच थांबले.

"मी टपावर कदी चढलो गं? दगडाच्या आदी का मागनं?"

"आधी, बाबा. तुमीच सांगता ना."

"सांगतो. पन इतक्यांदा सांगितलं, का आता नुसतं सांगितल्यालंच आठवतं. टपावर उबा असल्याला मी मला दिसत नाय." "त्या डायवरचा डोळा दिसतो. तो मी कदी बगितला?"

"तुमी नाही मारला दगड," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.

"तू व्हतीस काय तितं?"

मी मान हलवली. नव्हते.

"मग मला कोन सांगनार गं," बाबा म्हणाले.