दाढेखालची पावडर

दातांच्या त्या दवाखान्यात टीव्हीवर दिवसभर एकच कार्टून चालायचं. स्क्रू जबड्यात शिरतो, हाड त्याला घट्ट धरतं आणि आजोबा कवळी फेकून ऊस खातात. वडिलांच्या जबड्यानं बहुतेक ते पाहिलं नसावं. त्यांचा पहिला स्क्रू चार महिन्यांतच हलायला लागला, तो काढावा लागला.

मग डॉक्टरांनी नवं शास्त्र काढलं. खड्ड्यात हाडाची पावडर भरायची, वडिलांचंच रक्त यंत्रात फिरवून त्याचा जेलीसारखा पापुद्रा वरून घालायचा. पावडरीच्या आधारानं शरीरातल्या पेशी नवं हाड बांधतात आणि मग स्क्रू पक्का बसतो. हे त्यांनी अशा थाटात सांगितलं, जणू पेशी त्यांच्याच पगारावर होत्या.

वडील मखमलाबादला झेंडू पिकवतात. माळकरी माणूस, चाळीस वर्षांत अंड्यालाही शिवलेले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "डॉक्टरसाहेब, ही पावडर कोनाच्या हाडाची हाय?"

"बाबा, इम्पोर्टेड प्रॉडक्ट आहे. एकदम सेफ."

कोणाच्या, तर म्हणे इम्पोर्टेड. असलं उत्तर देऊन शाळेतलं पोरही सुटत नाही. हे गृहस्थ सुटले, कारण मीच त्यांना सोडवलं. मला लाज वाटत होती, तीही वडिलांची. एसीत बसून असले खेडवळ प्रश्न! "अण्णा, सही करायच्या आधी मी सगळं वाचतो ना," मी म्हणालो. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले.

मी औषधांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या लेबलांतल्या चुका काढायचा पगार घेतो. त्या दिवशी मी चार पानांवर न वाचता चार सह्या ठोकल्या.

पावडर भरून झाली. घरी फाइल लावताना आत डबीचं स्टिकर चिकटवलेलं दिसलं. पावडर गुरांच्या हाडाची होती. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "अहो, सिंथेटिकही होती की आपल्याकडे. तुम्ही काही बोलला नाहीत." मनातल्या मनात त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या, आणि वडिलांना जाऊन सांगितलं, "कृत्रिम आहे, अण्णा."

हाड झकास धरलं. डॉक्टरांनी एक्सरे असा दाखवला, जसा काही त्यांचा मुलगा बोर्डात आला होता. दाढ बसली, वडील खूश झाले. भजनाला जाऊन त्यांनी सगळ्यांना दाढ दाखवली.

आठवड्याभरात त्यांचे एक टाळकरी मित्र त्याच दवाखान्याचे कागद घेऊन आमच्या ओसरीवर आले. तेही माळकरी. "अण्णा म्हनले, आमचं पोरगं सगळं वाचून सही करतं. माझंबी वाच दादा. पावडर कशाची हाय?"

वडील शेजारीच बसले होते, ऐटीत. कागदावर त्याच डबीचं नाव होतं. या माणसाच्या तोंडात अजून काही भरलेलं नव्हतं. मी वाचलं, आणि सांगितलं, "गुरांच्या हाडाची."

मित्रानं कागद घडी करून खिशात ठेवला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

"आपलीबी तीच ना?"

मी होकारार्थी मान हलवली. ते मित्राला निरोप द्यायला उठले.

दाढ आजही पक्की आहे. डॉक्टर तिचा फोटो पेशंटांना दाखवतात. वडील भाकरी दुसऱ्या बाजूनं चावतात.